फोडणे, राखणे, मोडणे : लाल किल्ल्याच्या अलंकारांविषयी

दिल्लीच्या तख्ताविषयी मराठी भाषेने दोन क्रियापदे पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली आहेत. एक 'फोडणे' आणि दुसरे 'राखणे'. सदाशिवरावभाऊंनी दिल्लीचे तख्त फोडले, ही कथा पानिपतच्या आठवणीबरोबर लोकस्मृतीत वावरत राहिली; तर राजा बढे यांच्या महाराष्ट्रगीताने 'राखणे' हे क्रियापद घरोघरी, शाळेशाळेत पोचवले. ही दोन क्रियापदे एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभी आहेत, आणि तरीही आपण ती दोन्ही सारख्याच अभिमानाने उच्चारतो. भाषेच्या अभ्यासकाला ही विसंगती खुपायला हवी. एकाच वस्तूच्या संदर्भात एकाच समाजाने फोडल्याचाही आणि राखल्याचाही अभिमान बाळगावा, याचा अर्थ काय? आणि मुख्य म्हणजे, ज्या वास्तूत हे सगळे घडले असे आपण म्हणतो, ती वास्तू याविषयी काय सांगते?

वास्तूची साक्ष काढण्याचे कारण असे की, शब्द मागाहून लिहिले जातात, बदलले जातात. दगडावरची रिकामी जागा मात्र सहसा खोटे बोलत नाही. दिल्लीचा लाल किल्ला हा अशा रिकाम्या जागांनी भरलेला किल्ला आहे. प्रस्तुत लेखात त्याचे स्थापत्य आणि त्याचे अलंकरण यांचा विचार करावयाचा आहे. परंतु तो करताना जे आहे त्याच्याइतकेच जे काढून नेले गेले त्याकडेही लक्ष द्यावे लागेल.

१. इमारतींची वाक्यरचना

शाहजहानने आग्ऱ्याहून दिल्लीला राजधानी हलवण्याचे ठरवले आणि १६३९ साली यमुनेच्या पश्चिम तीरावर या किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. ते सुमारे नऊ वर्षे चालले आणि १६४८ साली बादशहाने नव्या राजवाड्यात प्रवेश केला. उस्ताद अहमद लाहोरी आणि उस्ताद हमीद ही दोन नावे या कामाशी जोडली जातात. यांपैकी लाहोरीचे नाव ताजमहालाशीही जोडलेले आहे. अनियमित अष्टकोनाच्या आकाराची तटबंदी सुमारे २.४ किलोमीटर लांबीची असून तिची उंची नदीच्या बाजूला सुमारे १८ मीटर, तर शहराच्या बाजूला सुमारे ३३ मीटर आहे. हा फरक बोलका आहे. शहराकडे उंच भिंत आणि नदीकडे खुले सज्जे, म्हणजे प्रजेकडे भव्यता आणि पाण्याकडे विसावा, अशी ही मांडणी आहे.

या किल्ल्याची खरी ओळख त्याच्या एकेका सुंदर इमारतीत शोधू नये. ती त्या इमारतींच्या क्रमात आहे. चांदणी चौकाचा रस्ता पूर्वेकडे सरळ येतो तो लाहोरी दरवाजाशी. (या दरवाजासमोर औरंगजेबाने संरक्षणासाठी पुढे आलेली भिंत उभारली, तेव्हा आग्ऱ्यात कैदेत असलेल्या शाहजहानने 'नवरीच्या चेहऱ्यावर पडदा टाकलास' अशा अर्थाचा निरोप पाठवला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका असली तरी ती बांधणाऱ्याची दृष्टी नेमकी पकडते.) दरवाजातून आत आल्यावर छत्ता चौक, म्हणजे छप्पर असलेला बाजार लागतो. पेशावरचा असा बाजार पाहून शाहजहानला ही कल्पना सुचली असे सांगतात. उन्हातून छायेत, छायेतून पुन्हा मोकळ्या अंगणात आल्यावर समोर नगारखाना येई. येथे दिवसातून पाच वेळा वाद्ये वाजत, आणि राजरक्ताचे शाहजादे सोडले तर प्रत्येकाला येथे हत्तीवरून किंवा घोड्यावरून उतरून पायी पुढे जावे लागे. रायगडावर सिंहासनासमोर उभा असलेला नगारखाना पाहिलेल्या मराठी वाचकाला या वास्तुप्रकाराचा अर्थ वेगळा समजावून देण्याची गरज नाही. राजा जवळ आल्याची वर्दी प्रथम कानाला मिळते, डोळ्यांना मागाहून.

नगारखान्यापलीकडे दिवाण-ए-आम, त्याच्या मागे त्याच सरळ रेषेत रंगमहाल, आणि मग नदीच्या काठाने उत्तरेकडे खासमहाल, दिवाण-ए-खास, हमामखाना अशी संगमरवरी वास्तूंची ओळ. एकेक उंबरठा ओलांडावा तसतशी माणसे कमी होत जातात, आवाज कमी होत जातो आणि दगड पांढरा होत जातो. बाहेरचा तट लाल वालुकाश्माचा, अगदी आतली दालने शुभ्र संगमरवराची, आणि मधला दिवाण-ए-आम वालुकाश्माचाच. परंतु त्यावर शिंपल्यांच्या चुन्याची घोटीव गच्ची केलेली होती, त्यामुळे तो संगमरवरासारखा पांढरा झळके आणि त्यावर सोनेरी नक्षी होती. आज आपण जो उघडा लाल दिवाण-ए-आम पाहतो, तो कातडी सोललेला दिवाण-ए-आम आहे. 'लाल किल्ला' हे नावही मुळात बाहेरून पाहणाऱ्याचे आहे. आत राहणाऱ्यांसाठी तो 'किला-ए-मुबारक' किंवा 'किला-ए-मुअल्ला' होता.

व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर ही एक दीर्घ वाक्यरचना आहे. कर्ता वाक्याच्या अगदी शेवटी येतो. नगर, दरवाजा, बाजार, नगारखाना, दरबार ही सगळी त्याची विशेषणे. विशेषणे वाचत वाचत आपण पुढे जातो आणि शेवटी कर्त्यापाशी, म्हणजे बादशहापाशी पोचतो. या क्रमातील एखादे पद गाळले तर वाक्य उरते, पण अर्थ उरत नाही. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

२. अलंकार काय म्हणतात?

दिवाण-ए-आमच्या पूर्वेकडील भिंतीत बादशहाच्या आसनाची जागा आहे. उंच संगमरवरी चबुतरा, त्यावर चार खांबांची मेघडंबरी आणि तिला बंगाली झोपडीसारखे वक्र छप्पर. बांबू आणि गवत यांच्या छपराला पावसासाठी जो बाक द्यावा लागतो, तो बाक येथे संगमरवरात उतरला आहे. म्हणजे पूर्व भारतातील गरिबाच्या घराचा आकार मोगल बादशहाच्या डोक्यावर छत्र म्हणून आला. खांबांचा फुगीर, पानाफुलांतून उगवल्यासारखा घाट युरोपीय चित्रांवरून आला असावा, असे अभ्यासक मानतात. एका आसनात बंगाल, इराण आणि युरोप एकत्र येतात, आणि तरीही ते आसन केवळ मोगलच दिसते.

या आसनामागील कोनाड्यात काळ्या संगमरवरावर रंगीत दगड जडवून केलेली पच्चीकारी आहे. फुले आणि पक्षी यांच्या या चौकटींत अगदी वर एक मानवाकृती आहे : झाडाखाली बसून तंतुवाद्य वाजवणारा आणि भोवती पशू जमवणारा ऑर्फियस, ग्रीक पुराणकथेतील गायक. दिल्लीच्या बादशहाच्या डोक्यावर ग्रीक गायक कसा आला, याविषयी पूर्वी तर्कच होते. बोर्दोच्या ऑस्टिन नावाच्या जवाहिऱ्याने हे काम केले असेही म्हटले जाई. ऑस्ट्रियन कलेतिहासकार एब्बा कॉख यांनी १९८८ साली मांडलेला विचार अधिक पटणारा आहे. त्यांच्या मते यांतील अनेक चौकटी इटलीतील फ्लॉरेन्सहून आलेल्या आहेत आणि मोगल कारागिरांनी स्वतःच्या कामात त्या बसवून घेतल्या. परंतु निवड मात्र अजाणता झालेली नाही. पशुपक्ष्यांची भाषा जाणणारा आणि ज्याच्या राज्यात सिंह व कोकरू एकत्र नांदतात असा राजा म्हणजे सुलेमान. शाहजहानला स्वतःकडे त्या सुलेमानाचा वारसा घ्यायचा होता. ऑर्फियस ही त्याने उसनी घेतलेली प्रतिमा, अर्थ मात्र त्याचा स्वतःचा. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही प्रक्रिया अपरिचित नाही. परभाषेतील कथा आपल्या परंपरेच्या अर्थासाठी वापरणे, हे प्रत्येक वाङ्मयात घडत आले आहे.

न्यायाचा हाच विचार खासमहालात अधिक उघडपणे येतो. तेथील संगमरवरी जाळीच्या वर चंद्रकोरीवर तोललेला तराजू कोरलेला आहे. भोवती तारे आणि ढग. या न्यायतुलेच्या खालून पाणी वाहत असे. यमुनेचे पाणी उत्तरेकडून दूरवरून कालव्याने आणून ते शाहबुर्जापाशी संगमरवरी उतारावरून आत सोडलेले होते, आणि मग 'नहर-ए-बिहिश्त', म्हणजे स्वर्गीय प्रवाह या नावाने ते एकेका महालाच्या मधोमध वाहत रंगमहालातील कमळाच्या आकाराच्या कुंडापर्यंत पोचत असे. हयातबक्ष बागेच्या दोन टोकांना 'सावन' आणि 'भादों' असे दोन मंडप आहेत. त्यांतील पाण्याच्या पडद्यामागे लहान लहान कोनाडे आहेत. दिवसा त्यांत फुलदाण्या आणि रात्री दिवे ठेवत. वैशाखातल्या दिल्लीत श्रावण-भाद्रपद हवे तेव्हा आणण्याची ही सोय होती. दिवाण-ए-खासमध्ये, पृथ्वीवर कोठे स्वर्ग असेल तर तो येथेच, अशा आशयाचा फारसी शेर सोन्याच्या अक्षरांत आहे. परंपरेने तो अमीर खुसरोचा मानला जातो. तो केवळ बढाईचा वाटतो खरा. पण वाहते पाणी, कधीही न कोमेजणारी दगडी फुले, तराजू आणि पक्ष्यांना समजून घेणारा राजा हे सगळे एकत्र पाहिले म्हणजे लक्षात येते की या वास्तूने कुराणातील स्वर्गाचे वर्णन शब्दशः बांधून काढले होते. अक्षरे फक्त त्या इमारतीचे भाष्य होती.

३. छत

आता ज्या छतासाठी हा लेख लिहिला त्याकडे यावे. दिवाण-ए-खासचे मूळ छत चांदीचे होते आणि त्यावर सोन्याचे काम होते. त्याखाली मयूरासन असे. शाहजहानच्या दरबाराचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने नोंदवल्याप्रमाणे १६३५ साली पूर्ण झालेल्या या आसनात ८६ लाख रुपयांची रत्ने आणि १४ लाख रुपयांचे सोने होते. म्हणजे एकूण एक कोट. आसनाची किंमत अशी दप्तरात लिहून ठेवलेली असावी, याचाच एक अर्थ आहे. मोगलांच्या दृष्टीने अलंकार आणि खजिना या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. दरबारात जे झळके तेच गरज पडली तर वितळवता येई.

१७३९ साली नादिरशहा मयूरासन घेऊन गेला. म्हणजे १७६० साली भाऊ दिल्लीत आले तेव्हा ज्याला जगाने 'दिल्लीचे तख्त' म्हटले, ते तख्त तेथे नव्हतेच. ते जाऊन एकवीस वर्षे झाली होती. त्याच्या जागी ठेवलेले आसन हे त्याची दुय्यम आठवण होती. 'फोडणे' या क्रियापदाचे कर्म १७६० मध्ये अस्तित्वातच नव्हते, ही गोष्ट आपण वर्गात क्वचितच सांगतो.

होते ते छत. जुलैच्या अखेरीस मराठ्यांनी दिल्ली शहर घेतले आणि ऑगस्ट १७६० च्या आरंभी किल्ला त्यांच्या हाती आला. त्यानंतर भाऊंनी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले. त्यातून किती रक्कम आली याविषयी एकवाक्यता नाही; कोणी नऊ लाख सांगतात, कोणी सतरा लाख. कारण मात्र निर्विवाद आहे. प्रचंड सैन्य आणि त्याबरोबरचे बुणगे, उत्तरेतील थकलेली वसुली, पुण्याहून पुरेसा पैसा येण्याची आशा नाही आणि यमुनेपलीकडे अब्दाली. भरतपूरचा जाट राजा सूरजमल याच सुमारास मराठ्यांची साथ सोडून गेला, आणि त्याच्या नाराजीच्या कारणांत या छताचेही नाव घेतले जाते.

या कृतीला काय म्हणावे? 'फोडणे' हा शब्द येथे बसत नाही. फोडणाऱ्याला ती वस्तू नाहीशी व्हायला हवी असते. भाऊंना वस्तू नाहीशी करायची नव्हती, त्यांना रुपये हवे होते. मराठी भाषेत याला एक नेमका शब्द आहे, आणि तो घरातला आहे : 'मोडणे'. दुष्काळात, आजारपणात, मुलीच्या लग्नात घरातली बाई पाटल्या किंवा गोठ मोडायला काढते, तेव्हा ती त्यांचा द्वेष करत नसते. दागिना हा शोभेसाठी असतो आणि अडीनडीसाठीही असतो. 'मोड' हा सोनाराच्या व्यवहारातला साधा शब्द आहे. भाऊंनी दिल्लीचे छत मोडले.

मोडण्याची ही रीत त्यांनी सुरू केलेली नव्हती. रंगमहालाचे छतही चांदीचे होते. ते फर्रुखसियरच्या कारकिर्दीत, म्हणजे १७१३ ते १७१९ या काळात, पैशाच्या निकडीपायी उतरवले गेले आणि तेथे तांब्याचे छत आले. पुढे दुसऱ्या अकबराच्या काळात तांबेही गेले आणि लाकूड आले, असे दिल्लीच्या जुन्या वर्णनांत सांगितलेले आहे. चांदी, तांबे, लाकूड. साम्राज्याच्या उतरणीचा याहून थोडक्यात लिहिलेला इतिहास मला ठाऊक नाही. आणि तो इतिहास कोणा शत्रूने लिहिलेला नसून त्या घरच्या धन्यानेच लिहिलेला आहे.

तरीही येथे थांबून एक भेद मान्य केलाच पाहिजे. घरची बाई स्वतःचा दागिना मोडते. फर्रुखसियरने स्वतःच्या घराचे छत मोडले. भाऊंनी जे मोडले ते त्यांचे नव्हते. गरज खरी होती म्हणून मालकी बदलत नाही. 'फोडणे' हा शब्द आपण जो आवडीने वापरतो त्याचे एक कारण हेही असावे की, 'फोडणे' यात पराक्रम आहे, तर 'मोडणे' यात टंचाई आहे. पराक्रमाची आठवण ठेवणे सोपे जाते. टंचाईची आठवण ठेवणे समाजाला जड जाते. पानिपतची मोहीम कोठे अडली हे समजून घ्यायचे असेल, तर १४ जानेवारी १७६१ च्या रणांगणाइतकेच ऑगस्ट १७६० मधील या छताकडेही पाहावे लागते. पाच महिने आधीच सैन्याच्या पगारासाठी छतापर्यंत हात पोचला होता.

४. राखणे

ज्या भाऊंनी ऑगस्टमध्ये छत उतरवले त्यांनीच ऑक्टोबर १७६० मध्ये त्याच किल्ल्यात दुसऱ्या शाहआलमच्या नावाने द्वाही फिरवली. बादशहा स्वतः तेव्हा दूर पूर्वेकडे होता. किल्ल्याचा बंदोबस्त नारो शंकराकडे होता. म्हणजे मोडणे आणि राखणे ही दोन क्रियापदे दोन महिन्यांच्या अंतराने एकाच माणसाच्या वाट्याला आली. यांत विसंगती आपल्याला दिसते. अठराव्या शतकातल्या राजकारणाला ती दिसत नव्हती. बादशाही ही सनदा देणारी संस्था म्हणून हवी होती, आणि तिची चांदी ही चांदी म्हणून हवी होती.

राखण्याचा पुढचा अध्याय महादजी शिंद्यांचा. मराठी फौजांच्या पाठबळावर शाहआलम जानेवारी १७७२ मध्ये दिल्लीत परतला. १७८४ मध्ये बादशाहीच्या कारभाराची सूत्रे महादजींच्या हाती आली. परंतु १७८७ च्या लालसोटच्या मोहिमेनंतर त्यांची उत्तरेतील पकड सैल झाली, आणि त्या अवधीत रोहिला सरदार गुलाम कादिर किल्ल्यात शिरला. दडलेल्या धनाच्या शोधात त्याने महालांच्या जमिनी खणल्या, आणि ऑगस्ट १७८८ मध्ये दिवाण-ए-खासमध्ये शाहआलमचे डोळे काढले. पृथ्वीवरील स्वर्गाचे वर्णन कोरलेल्या दालनात हे घडले. राणेखानाच्या हाताखालील मराठी फौज ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आली. गुलाम कादिर पळाला, पकडला गेला आणि मारला गेला. आंधळा शाहआलम पुन्हा तख्तावर बसला.

राखणे घडले ते असे. ते खरे आहे, आणि त्याचा अभिमान वाटणेही अस्थानी नाही. पण राखणारा ऐन वेळी तेथे नव्हता, हेही त्यात आहे. १८०३ च्या सप्टेंबरात जनरल लेकने पटपडगंजच्या लढाईनंतर दिल्ली घेतली, तेव्हा इंग्रजांनी लिहून ठेवलेले वर्णन असे की, वृद्ध, अंध बादशहा एका फाटक्या छत्राखाली बसला होता. या वर्णनात इंग्रजांचा स्वार्थ आहे. आपण सुटका केली हे त्यांना दाखवायचे होते. तरी ते फाटके छत्र पुरते खोटे ठरवणेही कठीण आहे. चांदीच्या छतापासून फाटक्या छत्रापर्यंतच्या प्रवासात मराठ्यांचा वाटा दोन्ही बाजूंनी आहे.

५. खरे फोडणे

संस्कृत काव्यशास्त्रात मम्मटाने गुण आणि अलंकार यांत केलेला भेद आपण सर्वजण शिकवतो. अलंकार हार-कुंडलांसारखे, ते अंगावर चढवता येतात, उतरवता येतात. गुण शौर्यासारखे, ते आत्म्याचे धर्म असतात, उतरवता येत नाहीत. लाल किल्ल्याच्या बाबतीत चांदीचे छत, मयूरासन, जडवलेली रत्ने हे अलंकार. दरवाजापासून नदीपर्यंतचा तो क्रम, ती अंगणे, त्या भिंती, पाण्याची ती वाट हा गुण. १८५७ पर्यंत ज्यांनी ज्यांनी या किल्ल्याला हात लावला, त्यांनी त्याचे अलंकार उतरवले. शरीर, जखमी का होईना, शाबूत होते. त्या अलंकारहीन किल्ल्यातही बहादूरशहा जफरने मुशायरे भरवले आणि १८४२ साली बागेतल्या जलाशयात एक नवा महाल बांधला. गालिबला १८५० साली तैमूरी घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम याच किल्ल्याने दिले.

१८५७ नंतर मात्र शरीरालाच हात घातला गेला. जानेवारी ते मार्च १८५८ या काळात दिवाण-ए-खासमध्ये बहादूरशहावर खटला चालला आणि त्याची रवानगी रंगूनला झाली. त्यानंतर इंग्रज लष्कराने राजवाड्याचा बहुतांश भाग पाडून टाकला. दक्षिणेकडील जनानखान्याची सगळी वस्ती गेली, मेहताब बाग गेली, दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास यांच्या भोवतीची अंगणे आणि ओवऱ्या गेल्या, आणि तेथे बराकी उभ्या राहिल्या. मोती मशिदीच्या घुमटांवरचा सोन्याच्या मुलाम्याचा तांब्याचा पत्रा गेला. रंगमहालात लष्कराची खाणावळ आली. जेम्स फर्ग्युसन या ब्रिटिश वास्तुइतिहासकारानेच १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या कृत्याचा कडक निषेध केला. पाडणाऱ्यांना पाडण्यापूर्वी एक नकाशाही काढून ठेवावासा वाटला नाही, ही त्याची तक्रार होती.

'फोडणे' हे क्रियापद कोठे लावायचेच असेल तर ते येथे लावावे. या पाडापाडीमागे टंचाई नव्हती. सत्तेची वाक्यरचनाच मोडून काढायची होती. आज किल्ल्यात जाणाऱ्याला हिरवळींच्या मधोमध सुटे सुटे उभे असलेले नगारखाना, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास दिसतात. वाक्यातली मधली पदे खोडली जावीत आणि काही विशेषणे एकटी राहावीत, तशी ती दिसतात. मोकळी हिरवळ ही मोगल बाग नाही. ती पाडलेल्या अंगणांची जागा आहे.

ऑर्फियसची चौकटही या काळात जोन्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इतर चौकटींसह काढून नेली आणि ५०० पौंडांना ब्रिटिश सरकारला विकली. ती लंडनच्या संग्रहालयात गेली. लॉर्ड कर्झनच्या प्रयत्नाने विसाव्या शतकाच्या आरंभी या चौकटी परत आल्या, आणि मेनेगात्ती नावाच्या फ्लॉरेन्सच्या कारागिराने १९०९ पर्यंत त्यांची दुरुस्ती केली. ज्या शहरातून हे काम मुळात आले असावे, त्याच शहरातला माणूस अडीचशे वर्षांनी ते सांधायला आला. १९११ साली दिवाण-ए-खासचे लाकडी छत रंगवण्यात आले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पंचम जॉर्ज नदीकडच्या झरोक्यात उभा राहून लोकांना 'दर्शन' देता झाला. फोडून झाल्यावर राखण्याचा मान घेणे, हे काही एकट्या मराठ्यांनी केलेले नाही.

६. वर्गात काय सांगावे?

स्वातंत्र्यानंतरही किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडेच होता. २००३ साली तो पुरातत्त्व खात्याकडे आला आणि २००७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर १९४५ साली चाललेला खटला आणि १९४७ पासूनचे ध्वजारोहण यांमुळे या तटाला प्रजासत्ताकाचा नवा अर्थ मिळाला आहे. तो अर्थ मोलाचा आहे. पण तो तटाचा अर्थ आहे. आत जे उरले आहे त्याचे वाचन अद्याप आपल्याकडे, विशेषतः मराठीत, फारसे झालेले नाही. आपण दिल्लीविषयी बोलतो ते तख्ताविषयी बोलतो. त्याच्या वरच्या छताविषयी बोलत नाही.

याचा परिणाम आपल्या इतिहासलेखनावर आणि वाङ्मयावरही झाला आहे. पानिपतावर मराठीत बखरीपासून कादंबरीपर्यंत विपुल लेखन झाले. त्यातील शोक अस्सल आहे. परंतु शोकाच्या भरात आपण स्वतःला केवळ सोसणारे ठरवतो, आणि अभिमानाच्या भरात केवळ जिंकणारे. मोडणारा मराठा या दोन्ही चित्रांत बसत नाही. तो अडलेला आहे, धूर्त आहे, दुसऱ्याच्या घरात उभा आहे, आणि उद्याच्या पगाराचा हिशेब करतो आहे. मला वाटते, इतिहासातला खरा माणूस तोच आहे. 'फोडणे' आणि 'राखणे' या दोन क्रियापदांनी त्याला झाकून टाकले आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना अभिमान बाळगू नका असे सांगण्याची आवश्यकता नाही. क्रियापद नेमके वापरा, एवढेच सांगावे. १७३९ साली तख्त नेले गेले. १७६० साली छत मोडले गेले. १७८८ साली मराठ्यांनी, उशिरा का होईना, बादशाही राखली. १८५८ साली वाडा फोडला गेला. ही चार वाक्ये एकाखाली एक फळ्यावर लिहिली तर त्यांतल्या प्रत्येकाचा कर्ता वेगळा आहे, हेतू वेगळा आहे आणि उत्तरदायित्वही वेगळे आहे, हे कोणालाही दिसेल. आणि त्यांतला कोणी विद्यार्थी पुढे कधी दिल्लीला गेला, तर दिवाण-ए-खासमध्ये खांबांवरची दगडी फुले पाहून झाल्यावर त्याने मान वर करावी. तेथे रंगवलेले लाकूड आहे. त्या लाकडाच्या जागी काय होते आणि ते कोणी काढले, हे त्याला मराठीत, योग्य शब्दात सांगता आले पाहिजे.